रकाना अकरा

मंगळवार, ४ मार्च

नमुना चार मंजूर झाला. एका पानात बसला. उपसंचालक बाईंनी बैठकीत ते पान वर धरून सगळ्यांना दाखवलं. म्हणाल्या, "दीड पानाचं एक पान केलं यांनी, आणि काहीही हरवलं नाही." मला बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण चार दिवसांनी विचारलं तर मी नाकारेन.

मॉर्फिन आणि त्या जातीची वेदनाशामक औषधं तीन महिन्यांहून जास्त काळ घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाची नोंद पंधरा तारखेपासून या नमुन्यात होणार. डॉक्टरांनी नमुना भरायचा, तो स्कॅन होऊन नोंदवहीत चढणार, आणि औषध दुकानदाराने संगणकाच्या पडद्यावर नाव पाहून मगच औषध द्यायचं. स्कॅनर एकच पान घेतो. मूळ मसुद्यात रकाना अकरा होता: औषध अचानक थांबवल्यास रुग्णाच्या शरीराला त्रास होईल का. आणि बारा: व्यसनाची लक्षणं आहेत का. दोन्हींखाली खुलाशासाठी चार-चार ओळी. मी ते जोडून एक रकाना केला, ‘अवलंबन/व्यसन : होय/नाही’, आणि खुलाशाची जागा काढून टाकली. हवी होती बरोबर तेवढी जागा सुटली. सहीखाली अर्ध्या बोटाचा समाससुद्धा राहिला.

घरी ताईला सांगितलं. ती टेबलावर कापड पसरून उभी होती, तोंडात टाचण्या. टाचण्या न काढताच म्हणाली, "कागद वाचवलास. झाडं दुवा देतील तुला."

तिला माझ्या कामाचं फारसं कौतुक नाही. मला तिच्या कामाचं आहे, पण ते मी कधी बोललेलो नाही.

रविवार, ९ मार्च

सकाळची मोजणी. अठ्ठेचाळीस. वीस तारखेपर्यंत रोज चार, म्हणजे अठ्ठेचाळीसच हव्यात.

ताई नाटक कंपनीच्या कपडेखात्यात कटिंग मास्तर आहे. आठ वर्षांपूर्वी तिथल्याच कोठारात शिडीवरून पडली. मणक्याची दोन ऑपरेशनं झाली, दुखणं गेलं नाही. सहा वर्षांपासून मॉर्फिनच्या गोळ्या आहेत, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. मात्रा वाढलेली नाही. गोळ्यांवर ती पाच तास टेबलाशी उभी राहते, गोळ्यांशिवाय स्वतःची चप्पल घालू शकत नाही. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा इस्पितळाने एक पुस्तिका दिली होती. तिच्यात लिहिलं होतं, घरातल्या जबाबदार व्यक्तीने गोळ्यांवर लक्ष ठेवावं. आईबाबांनंतर घरात आम्ही दोघंच. म्हणून दर रविवारी मी मोजतो आणि वहीत लिहितो. एकदाही फरक आलेला नाही.

"काय हिशेबनीस," ताई म्हणाली, "एखादी जास्त निघाली का? अंधारात पिल्लं घालतात म्हणे."

"नियम आहे म्हणून मोजतो."

"पुस्तिका पहिल्या महिन्यापुरती होती रे."

हे खरं आहे. मी पुन्हा वाचून पाहिलं. पण इतकी वर्षं सलग नोंद आहे. एखादा रविवार मोकळा ठेवला तर सगळीच वही खोटी पडेल.

गुरुवार, २० मार्च

केमिस्ट काकांनी गोळ्या दिल्या नाहीत.

मी गल्ल्यापाशी उभा होतो. ते पडद्याकडे बघत होते, माझ्याकडे बघत नव्हते. वीस वर्षांची ओळख. मग त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. ताईच्या नावाला लाल पट्टी. शेजारी: अवलंबन/व्यसन, होय. पुरवठा फक्त व्यसनमुक्ती केंद्रातून.

"काका, काहीतरी चूक आहे."

"असेल. पण ही चूक मला विचारून झालेली नाही. मी दिल्या तर उद्या माझं दुकान बंद." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तरांना सांगा, मला लाज वाटली."

चूक कुणाची हे बघायला हवं. डॉक्टरांनी घाईत भलत्याच चौकटीत खूण केली असणार.

शुक्रवार, २१ मार्च

चूक नाही.

सकाळी वेदना विभागात गेलो. ताईच्या डॉक्टरीणबाईंनी नमुना काढून टेबलावर ठेवला. खूण व्यवस्थित, ‘होय’च्या चौकटीत.

"सहा वर्षं औषध घेतलंय त्यांनी," त्या म्हणाल्या. "उद्या एकदम थांबलं तर घाम, जुलाब, अंगभर कळा. कुणाच्याही शरीराचं तेच होईल, माझ्या किंवा तुमच्याही. मी ‘नाही’ लिहायचं? आणि ते वाचून कुणी औषध तोडलं तर?"

"पण व्यसन..."

"व्यसन नाहीच. ओढ नाही, लपवाछपवी नाही, मात्रा वाढलेली नाही. हे सगळं मला लिहायचं होतं. कुठे लिहू ते दाखवा." त्यांनी पान माझ्यापुढे सरकवलं. "हा जोडरकाना कुठल्या शहाण्याने केला हो?"

समितीने केला, असं मी म्हणालो. समितीने मंजूर केला हे खरं आहे.

मग ताईला घेऊन केंद्रात. तिथली पद्धत: रोज सकाळी रांग, खिडकीवर गोळी सगळ्यांसमोर गिळायची, जीभ वर करून दाखवायची, संध्याकाळची एक गोळी पुडीत मिळते. वेदनाशामक घेणाऱ्यांची दर आठवड्याला रोजची एक गोळी कमी. आजपासून तीन, अठ्ठावीसपासून दोन, चार एप्रिलपासून एक, अकराला शून्य. हे वेळापत्रक परिशिष्ट ‘क’ मधलं आहे. परिशिष्टाचं टंकलेखन मीच तपासलं होतं. ताईच्या रंगीत तालमीची तारीख दहा एप्रिल आहे, बावीस कोटांचं काम अर्ध्यावर.

झोपण्याआधी हे लिहून टाकतो: जोडरकाना मी केला.

सोमवार, २४ मार्च

मी रोज ताईबरोबर केंद्रात जातो, ऑफिसला उशिरा पोचतो. उभं राहणं तिला जड जातं, म्हणून ती घडीचं स्टूल नेते, आणि शिवणाची पिशवी. तिच्या पुढे रोज एक घर-रंगारी असतो, पंचेचाळिशीचा, नखांत कायम पांढरा रंग. आज ताईने त्याच्या कोटाची फाटलेली बाही रांगेतच शिवून दिली. तो एक हात बाहीत घालून, एक पाऊल सरकत, तसाच खिडकीपर्यंत गेला.

"मास्तर, तुमचा भाऊ सरकारात आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे. पण मोठ्याने बोलू नका, तो लाजतो."

मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, एक सांगा. पूर्वी मी गोळीसाठी आईचा रेडिओ विकला. आता तीन वर्षं ही उपचाराची गोळी घेतो, रोज तेवढीच, आणि कामावर जातो. आईला नवा रेडिओ आणलाय. ही गोळी बंद केली तर आजारी पडेन. मग मी व्यसनी आहे का नाही? नावाला लाल पट्टी आहे, म्हणून विचारतो."

मी म्हणालो, बघून सांगतो. ऑफिसात फोनवर लोकांना सांगतो तसंच.

शनिवार, २९ मार्च

ताईला जांभया थांबत नाहीत. नाक वाहतं, हातांवर काटा, पाय एका जागी ठरत नाहीत. पाठ पहिल्यासारखी धरली आहे. कापड खुर्चीत बसूनच कापते. "माझे पाय सायकल चालवतायत," म्हणाली, "आणि मी घरीच."

मी विचारलं, गोळी घ्यावीशी वाटते का. हा प्रश्न परिशिष्टातल्या व्यसनलक्षणांच्या यादीत आहे.

तिने कात्री खाली ठेवली. "भूक लागलेल्याला विचारतोस, जेवणाचं व्यसन आहे का?"

तिचं उत्तर वहीत कुठल्या बाजूला लिहायचं ते मला ठरवता आलं नाही.

रविवार, ३० मार्च

आज मोजायला काही नव्हतंच. एक दिवसाची पुडी, ती संध्याकाळी संपते. पण रविवार होता. बाटली उघडली, रिकामी. मग ड्रॉवर. मग तिचा बटणांचा डबा.

डब्यात, काळ्या बटणांखाली, कागदात गुंडाळलेल्या तीन गोळ्या.

ती दारात उभी होती. मला वाटलं ती चिडेल. ती नुसती दमलेली दिसली.

"गुरुवारी फिटिंग आहे," ती म्हणाली. "बावीस माणसं येतील, एकामागून एक. दिवसभर उभं राहायचंय. तीन संध्याकाळी मी घेतल्या नाहीत, त्या दिवसासाठी ठेवल्या."

"ताई, साठवणं हे लक्षण आहे."

"कशाचं?"

यादीत सातवा मुद्दा: औषध लपवून साठवणे. भाषा माझी आहे. मूळ इंग्रजी मजकूर लांबलचक होता, मी तीन शब्दांत आणला.

सोमवार, ३१ मार्च

हे जसं घडलं तसं लिहितो.

केंद्रात दर सोमवारी नातेवाइकाने एक कागद भरायचा असतो. खिडकीवरच्या परिचारिकेने पेन दिलं. "सगळीकडे ‘नाही’ लिहितात," ती म्हणाली, "पटकन करा, रांग आहे." तिसरा प्रश्न: घरी औषधाचा साठा आढळला का.

मी ‘होय’ लिहिलं.

दुसरं काय लिहिणार? सरकारी कागदावर मी आजवर खोटं लिहिलेलं नाही. खुलाशासाठी जागा आहे का ते शोधलं, कारण फिटिंगचं लिहिलं असतं तर कुणालाही पटलं असतं. जागा नव्हती.

परिचारिकेने कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. तीन गोळ्या जमा करायला सांगितल्या. उद्यापासून घरी पुडी नाही. फक्त सकाळची एक, खिडकीवर.

रंगारी सगळं ऐकत होता. "साहेब," तो म्हणाला, "तुम्ही घरीसुद्धा सरकारात असता का?"

परत येताना मी म्हणालो, मी खरं तेच लिहिलं. ती म्हणाली, "हो. तू नेहमीच खरं लिहितोस."

गुरुवार, ३ एप्रिल

फिटिंगला मीही गेलो, रजा टाकून. कपडेखातं म्हणजे खिडक्यांची एक लांब खोली, तिच्या मधोमध कटिंगचं टेबल. नट अंगावर कच्चे कोट चढवून ओळीने उभे होते. ताई स्टुलावर बसून त्यांना वळायला सांगत होती. "वळा. अजून. अहो नायक, पोट आत घ्या, ते नाटकात नाहीये." हसत होते सगळे. अकराव्या कोटापर्यंत ती हसवत होती.

मग एका बाहीचं कापड कापताना तिचा हात थरथरला. कात्री खांद्याच्या रेषेत शिरली, आडवी. चौतीस वर्षांत तिने कापड बिघडवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिने तो तुकडा उचलला, घडी केली, पिशवीत ठेवला.

"आज कात्री माझं ऐकत नाही," म्हणाली. "राहिलेले अकरा शनिवारी या."

मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, मास्तरांना झेपत नसेल तर बाहेरून कुणी बोलवू का. सोमवारपर्यंत सांगा.

शुक्रवार, ४ एप्रिल

पहाटेपासून टिपणी लिहिली. फरक स्वच्छ मांडला आहे. शारीरिक अवलंबन: औषधाची शरीराला झालेली सवय, थांबवल्यास त्रास, दीर्घ उपचारात हे अपेक्षित असून तो दोष नाही. व्यसन: नुकसान होत असल्याचं दिसत असूनही एखादी कृती पुन्हा पुन्हा करण्याची ओढ, ती केल्यावाचून चैन न पडणं, आपल्या माणसांनी दुखावून सांगितलं तरी न थांबता येणं. पहिलं दुसऱ्याशिवाय असू शकतं, हे उदाहरणासह. तीनदा वाचली. चांगली उतरली आहे. मग आत जाऊन ताईचा बटणांचा डबा पाहिला. काही नव्हतं. कालही नव्हतं.

अकरा वाजता उपसंचालक बाईंकडे गेलो. त्यांनी पूर्ण वाचली, हे मान्य करायला हवं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आणि हे तुम्हीच केलंत असंही लिहिलंय, शेवटच्या परिच्छेदात. ते कशाला?"

"तसं घडलं म्हणून."

"अहो, धोरण चुकलं म्हणून लिहिलंत की फाइल समितीकडे जाते. समिती जुलैत बसते. तोवर तुमच्या ताई काय करतील?" त्यांनी पेन उचललं. "दुसरा रस्ता आहे. शुद्धिपत्रक. ‘मुद्रणदोषामुळे रकाना अकरा व बारा एकत्र छापले गेले.’ सोमवारी सही, मंगळवारी लागू."

"मुद्रणदोष नव्हता तो, बाई. मी जाणूनबुजून..."

"मला माहीत आहे. छापखान्यालाही माहीत आहे. छापखाना काही रडत घरी जाणार नाही."

मी म्हणालो, एक दिवस द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, माझ्या कपाळावर काहीतरी लागलं आहे.

शनिवार, ५ एप्रिल

ताई राहिलेल्या फिटिंगला जाऊ शकली नाही. मॅनेजरांना फोन मी केला.

काल बाईंनी सुचवलेलं तिला सांगितलं, तिच्याकडून परवानगी हवी म्हणून. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाय चालूच होते.

"म्हणजे एका ओळीचं काम आहे," ती म्हणाली.

"खोटी ओळ आहे ती."

"आणि काल शुक्रवार होता."

"हो."

"काल सही केली असतीस तर आज शनिवार जमेला धरला असता का सरकारने?"

"नसता. सही सोमवारीच."

"मग ठीक आहे. मग हा एक दिवस तू स्वतःसाठी घेतलास, माझं नुकसान नाही झालं." मग भिंतीकडेच बघत, "तीन गोळ्यांच्या वेळी मात्र झालं होतं."

मी खुर्चीत बसून राहिलो. ती झोपली की नाही कळेना. उठून तिच्या उशाशी पाहिलं, पाण्याच्या पेल्यामागे. सवयीने. तिचे डोळे उघडे होते.

सोमवार, ७ एप्रिल

‘मुद्रणदोषामुळे’ असं लिहिलं आणि सही केली. हात थरथरला नाही, याचं आश्चर्य वाटलं. सहीनंतर उपसंचालक बाईंनी चहा मागवला. "पहिलंच खोटं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "दुसरं सोपं जातं, म्हणून दुसरं करू नका," त्या म्हणाल्या, आणि बिस्किटं माझ्याकडे सरकवली.

मॅनेजरांना सांगितलं, बाहेरून कुणी बोलवू नका.

बुधवार, ९ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी नवा नमुना भरला. अकरा, होय. बारा, नाही. खाली चार ओळी, चारही भरल्या, समासातही लिहिलं. मी त्यांना सांगितलं की मागच्या वेळी विचारलेला शहाणा मी होतो. त्या म्हणाल्या, "तोंडावरून कळलं होतं."

मात्रा टप्प्याटप्प्याने वर न्यायची आहे. केमिस्ट काकांनी बाटली ताईच्या हातात दिली, माझ्या नाही.

केंद्रात जाऊन नाव काढून आलो. रंगारी रांगेत होता.

"मास्तर सुटल्या? बेस झालं."

"तुमचं?"

"डॉक्टर म्हणाले अकरा होय, बाराही होय. तीन वर्षं नशेला शिवलेलो नाही, पण पूर्वी व्यसन होतं ना. पट्टी लालच." तो हसला. "माझ्या वेळी काही छापखाना चुकला नाही, साहेब."

त्याच्यासाठी दुसरी टिपणी लिहिणार आहे: पूर्वी व्यसन होतं आणि आज उपचार चालू आहेत अशा माणसाचं काय. यात खरं कारण लिहावं लागेल. म्हणजे जुलै. त्याला तसं सांगितलं. "जुलै तर जुलै," तो म्हणाला. "मी इथेच असतो, रोज सव्वानऊला."

गुरुवार, १० एप्रिल

रंगीत तालीम. एकवीस कोट; शेवटचे दहा ताईच्या सांगण्यावरून कपडेखात्यातल्या मुलांनी रात्री जागून पुरे केले. बाविसावा नट साध्या सदऱ्यात होता. ताई पहिल्या रांगेत, पाठीशी दोन उशा.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी उठलो, वही काढली. या वेळचा हिशेब सोपा नाही, मात्रा दिवसागणिक बदलते आहे, त्यामुळे मोजणं उलट जास्त गरजेचं आहे, असं ताईला समजावून सांगितलं. ती टेबलाशी उभी होती, बाविसाव्या कोटाची बाही नव्याने लावत. उभी होती. अर्धा तास झाला होता.

"वही आण इकडे," ती म्हणाली.

दिली. तिने पानं चाळली, सहा वर्षांचे रविवार. कुठेही शेरा नाही, फक्त आकडे. मग मागची कोरी पानं कात्रीने कडेने कापून घेतली आणि कॉलरचा नमुना आखायला एकावर एक चिकटवली. भरलेली पानं मला परत दिली. बाटली तिच्या पलीकडे, खिडकीत होती.

"मोजली नाहीस तर काय होईल?" तिने विचारलं.

"काही नाही."

"मग बस."

बसलो. पेपर वाचला. उठून चहा केला, तिने घेतला नाही, मी दोन्ही प्यायलो. खिडकी उघडायला म्हणून गेलो, ती उघडीच होती. परत बसलो. जांभया येत होत्या, झोप नीट झाली असूनही. काकांनी बाटली नीट भरली असेल ना, हे निदान एकदा बघायला काय हरकत आहे, असं तिला विचारलं. तिने मान हलवली, नाही म्हणून.

"पाय बघ तुझा," ती म्हणाली.

पाहिलं. टेबलाखाली माझा उजवा पाय हलत होता. थांबवला. पेपरचं पान उलटलं तर पुन्हा सुरू.

ताईने बाहीची एक कड दुमडली, डोळ्यांपुढे धरून सरळ आहे का पाहिली. "पहिले तीन-चार दिवस जड जातात," म्हणाली. "मग उतरतं."

मी विचारलं, काय उतरतं. पण तोवर तिने तोंडात टाचण्या धरल्या होत्या.